15 लिटरच्या पंपाला एक पिक्चर

आमच्या दाजींचं नारायणगावात खता-औषधांचं दुकान आहे. सकाळी शेतकरी येतो, प्लास्टिकच्या पिशवीतून टोमॅटोचं एक पान काढतो आणि काउंटरवर ठेवतो. दाजी चष्मा कपाळावर चढवतात, पान उजेडाला धरतात, उलटं करतात, वास घेतात. (वासाचा काही उपयोग नसतो, हे त्यांनीच मला एकदा खासगीत सांगितलं. पण वास घेतला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.) मग पॅडवर लिहितात. करप्याचं औषध, 15 लिटरच्या पंपाला 30 ग्रॅम, सोबत स्टिकर, ऊन उतरल्यावर मारा. कागद टरकन फाडतात. गिऱ्हाईक हात पुढे करतं, पण दाजी कागद सोडत नाहीत. मघाशी पानाकडे बघितलं तसं त्या माणसाकडे एकदा नीट बघतात आणि कागद पालथा घालून मागे आणखी एक ओळ लिहितात.

ती पिक्चरची असते.

"पाहिलाय का?"

"न्हाई."

"अरारारा! मग इतकी वर्षं केलं काय?"

हे म्हणताना दाजींच्या चेहऱ्यावर दुःख नसतं. उपवर मुलगी घरात असलेल्या बापाला लग्नाला आलेल्या जमावात अचानक एक बिनलग्नाचा, नोकरीवाला, निर्व्यसनी मुलगा दिसावा, तसा तो चेहरा असतो. ज्यानं पिक्चर पाहिलाय त्याच्याशी दाजी फार बोलत नाहीत. त्याचा त्यांना काही उपयोग नसतो.

मी मंचरचा. आक्का नारायणगावात दिली तेव्हा मी सातवीत होतो, आणि माझ्या वाट्याला दाजी आले. दाजींशी वाद घालायचा नसतो, ही आमच्याकडची रीत. म्हणून गेली तीस-पस्तीस वर्षं मी ते सांगतील ते बघतोय किंवा बघितल्याचं खोटं सांगतोय. दुसरं जास्त अवघड जातं, कारण ते प्रश्न विचारतात.

दाजींची सगळी विद्या फवारणीतून आलेली आहे. ते शेतकऱ्याला बजावतात, "एकच औषध सारखं मारू नका. बुरशी त्याला सरावते. मग कितीबी मारा, तिला गुदगुल्यासुद्धा होत नाहीत. फेरपालट पाहिजे." आणि त्याच दमात, "पिक्चरचंबी तेच. मारामारीचे चार बघितले की पाचव्यात कोणी मेलं तरी काय वाटत नाही. मध्ये एक संतपट घ्यायचा, एक विनोदी, एक बाहेरच्या देशातला. माणूस परत ताजा होतो." गंधक आणि तेल एका वेळी फवारू नये, पानं करपतात. तसं ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ एका दिवशी बघू नये, मध्ये दोन-चार दिवस जाऊ द्यावेत. गाणी म्हणजे स्टिकर. त्याच्याशिवाय पिक्चर पानावर ठरत नाही, ओघळून जातो.

परदेशी सिनेमांची नावं दाजींना येतात, पण ते ती घेत नाहीत. "नावानं कोण बघतंय?" त्यांची यादी ‘काय हरवलं’ यावर लावलेली असते. सायकल हरवते तो, म्हणजे 1948 चा इटालियन ‘बायसिकल थीव्ज’. बूट हरवतात तो, म्हणजे माजिद माजिदींचा ‘चिल्ड्रेन ऑफ हेवन’, इराणचा, 1997 चा. अख्खी विहीर चोरीला जाते तो आपला मराठी, मकरंद अनासपुरेचा ‘जाऊ तिथं खाऊ’. ही यादी नारायणगावात फार चालते. हरवलेल्या सायकलीबद्दल कुणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि कागदोपत्री असलेली पण जागेवर नसलेली विहीर तर प्रत्येकाच्या माहितीत एखादी असतेच.

कुरोसावाचा 1950 चा ‘राशोमोन’ मात्र त्यांनी बांधाच्या भांडणात घातलाय. "एकच घटना, अन् जो तो आपल्या परीनं साक्ष देतोय. प्रत्येकाचं खरं वाटतं." हे ऐकून एक म्हातारे शेतकरी म्हणाले होते, "मग त्यो बघायला कशाला पायजे? मी जुन्नरला दर तारखेला जातोच की."

दाजी हरले तो एवढा एकच प्रसंग मला आठवतो.

पिक्चरचा डोस बाजारभावावर ठरतो. आमच्याकडे टोमॅटो 20 किलोच्या कॅरेटमध्ये विकला जातो, आणि त्या कॅरेटला आज काय मिळालं यावर अख्ख्या तालुक्याचा रक्तदाब हलतो. नवख्या माणसाला वाटेल, भाव पडले की रडका पिक्चर बरा, मन मोकळं होईल. दाजी नेमकं उलटं करतात. 2023 च्या जुलैत कॅरेटला दोन हजारांवर भाव गेला, तेव्हा त्यांनी लोकांना ‘श्वास’ दिला, ‘श्यामची आई’ दिली. "पोट भरलेलं असताना दुःख पचतं." आणि भाव कोसळून माल रस्त्याकडेला ओतायची वेळ आली की दादा कोंडके. ‘सोंगाड्या’, ‘एकटा जीव सदाशिव’, ‘पांडू हवालदार’, याच क्रमानं. अशा दिवसांत दुकानात ‘आता कुठला पिक्चर’ असं कुणी विचारत नाही. कागदाची मागची बाजू बघून लोक खिशात घालतात आणि म्हणतात, "म्हंजे भाव अजून आठ दिवस उठत न्हाई."

एकदा मात्र औषध चुकलं.

‘टिंग्या’ हा दाजींचा जीव की प्राण. तो 2008 साली आला. दिग्दर्शक मंगेश हाडवळे जुन्नर तालुक्यातला, ‘टिंग्या’ झालेला शरद गोयेकर इकडचाच, आणि त्याला त्या कामाबद्दल उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोष्टही इथलीच. बिबट्यासाठी केलेल्या खड्ड्यात बैल पडतो, जायबंदी होतो, बाप त्याला खाटकाला द्यायला निघतो आणि पोरगं बैलाला बिलगून बसतं. आमच्या उसात बिबट्या म्हणजे पाव्हणा. रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायला जाणारा माणूस बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्यानं लावलेलं गाणं असा तिहेरी बंदोबस्त घेऊन जातो. त्यामुळे दाजी हा पिक्चर टिटॅनसच्या इंजेक्शनसारखा सरसकट सगळ्यांना देत.

घोड नदीकडच्या एका शेतकऱ्यालाही दिला. त्या माणसानं चारच दिवसांपूर्वी बैल विकला होता, हे दाजींना ठाऊक नव्हतं. तो महिनाभर दुकानात फिरकला नाही. दाजी अस्वस्थ. रोज संध्याकाळी शटर ओढताना म्हणायचे, "विचारायला पाहिजे होतं. जमीन विचारतो, पीक विचारतो, बैलाचं विचारलं नाही." आक्का म्हणाली, "औषध वाईट निघालं तर कंपनीला फोन लावता, आता लावा की कुणाला तरी!"

महिन्यानं तो आला. गुमान औषध घेतलं, पैसे दिले, उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथून वळून म्हणाला, "म्हातारी दोन दिवस जेवली न्हाई, शेठ." दाजींची मान खाली. तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "तसला अजून एखादा हाय का? पन बैल नको."

दाजींनी त्याला बुटांचा दिला.

पिक्चर सांगून दाजी मोकळे होत नाहीत. ‘रिझल्ट आला का’ हे ते औषधाइतक्याच कळकळीनं विचारतात. मी पुण्यात रात्री दहाला निवांत मोबाइल टेकवून पिक्चर लावावा, अर्ध्या तासात फोन. "कुठपर्यंत आलात?" सांगितलं की, "हां, म्हणजे अजून ते यायचंय. नाही, मी सांगत नाही. शेवट सांगणार नाही. फक्त त्या म्हाताऱ्याकडे लक्ष ठेवा." झालं! पुढचा दीड तास माझं लक्ष फक्त म्हाताऱ्याकडे. कंटाळा आला म्हणावं तर ठरलेलं उत्तर तयार, "पहिली 20 मिनिटं दम धरा, मेहुणे." हे वाक्य ते अडीच तासांच्या पिक्चरच्या दुसऱ्या तासालाही म्हणतात.

आणि याचा हिशेब असतो. दुकानातल्या लाल कापडी बांधणीच्या उधारीच्या वहीत पुढून खताची बाकी आणि मागून पिक्चरची बाकी. नाव, गाव, पिक्चर, तारीख. बघून झाला की त्यावर तिरपी रेघ. माझ्या नावापुढे ‘राशोमोन’ 2019 पासून बाकी आहे. युरियाची उधारी दाजी सुगीपर्यंत थांबवतात, काहींची तर बुडीतच धरतात. ‘राशोमोन’चा तगादा दर सणाला होतो. गेल्या भाऊबीजेला ओवाळताना आक्कानं ताट खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं.

घरात सगळे जमले की मात्र फवारणी बाजूला पडते आणि तमाशा येतो. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्या. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पंच सुपारी द्यायला येतात. तो सगळा व्यवहार लहानपणापासून बघितलेल्या माणसानं पिक्चरची रात्र कशी लावावी? आधी गण, मग गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. यात्रेला आम्ही वीस-पंचवीस माणसं त्यांच्याकडे होतो. मासवड्या, रस्सा आणि बाजरीच्या भाकरी झाल्या, अंगणात सतरंज्या पडल्या, खिडकीतून टीव्ही बाहेर काढला गेला. देवाचं नाव आधी म्हणून 1936 चा प्रभातचा ‘संत तुकाराम’. गौळणीच्या जागी ‘सांगत्ये ऐका’, आणि तो पुण्याच्या विजयानंदला 131 आठवडे चालला ही माहिती, जी आम्ही दरवर्षी ऐकतो. बतावणीला ‘अशी ही बनवाबनवी’. तिथे पोरंटोरं पडद्याच्या आधीच संवाद म्हणायला लागली, कारण तो आमच्याकडे पाढ्यांसारखा पाठ असतो. रंगबाजीला ‘पांडू हवालदार’. आणि वगाला ‘सामना’.

तोवर पहाट उलटत आली होती. पोरं झोपली होती, बायका आत गेल्या होत्या, कुत्रं सतरंजीच्या कडेला पसरलं होतं. जागे होतो मी, दाजी आणि कारखान्याच्या राजकारणात असलेले एक पाव्हणे. पडद्यावर निळू फुल्यांचे हिंदुराव साखर कारखाना आणि अख्खा मुलूख मुठीत ठेवून बसलेले. पाव्हणे तंबाखू मळायला म्हणून उठले आणि वग संपेपर्यंत गोठ्यापाशीच मळत राहिले. दाजी हळूच मला म्हणाले, "रिझल्ट आला."

माणूस असा का झाला, याचं उत्तर आक्काच्या सासूबाईंकडून मिळालं. दाजी लहान असताना गणपतीत मंडळाचे पिक्चर रस्त्यावर व्हायचे. दोन खांबांना पांढरं कापड, समोर मशीन. समोरची जागा मोठ्यांची, पोरांनी पडद्याच्या मागे बसायचं. आज काय आहे हे कुणी विचारायचं नाही. पेटीतून जी रिळं निघतील ती खरी. आज ‘जय संतोषी माँ’, उद्या ‘पिंजरा’, परवा मारामारीचा, मध्येच कुटुंबनियोजनाची फिल्म. दाजींनी सगळं बघितलं, कुटुंबनियोजनासकट, आणि सगळं उलटं. पडद्याच्या मागून डावं ते उजवं दिसतं, पाट्यांवरची अक्षरं आरशातली. ‘शोले’ त्यांनी तसाच पाहिला. चार वेळा.

उलटा पाहिला, हे ते मान्य करत नाहीत. जय-वीरूच्या मोटरसायकलची साइडकार कुठल्या बाजूला, यावरून आमच्यात गेली वीस वर्षं वाद आहे. मी एक बाजू सांगतो, ते दुसरी. "ठाकूरचं एक बरंय," आक्का म्हणते, "कुठूनबी बघा, माणूस तेवढाच."

परवाच्या मुक्कामात मी निकाल लावायचं ठरवलं. टीव्हीवर ते दोस्तीचं गाणं लावलं, साइडकार दिसताच चित्र थांबवलं आणि काही न बोलता त्यांच्याकडे बघितलं. दाजी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग उठले, मोरीपाशी गेले आणि खिळ्यावरचा दाढीचा आरसा काढून घेऊन आले. टीव्हीकडे पाठ करून खुर्ची लावली, बसले आणि आरसा डोळ्यांसमोर धरला. थोडा डावीकडे कलवला, थोडा वर घेतला.

"लावा," म्हणाले.

मी लावलं. गाणं सुरू झालं. दाजींची मान हलायला लागली.

"हां," ते म्हणाले. "हा शोले."

आक्का चहा घेऊन आली, दोघांकडे बघून तशीच आत गेली. दाजींनी खुर्ची थोडी सरकवून माझ्यासाठी जागा केली आणि आरसा दोघांच्या मध्ये धरला.

"या, बसा. पहिली 20 मिनिटं दम धरा."