नानांचा डबा आणि जावईबापूंचा आय-सेव्हन

अहो, ऐकलंत का? समोरच्या नानांकडे रविवारी केवढं रामायण झालं! नाही हो, सुनेवरून नाही. कॉम्प्युटरवरून. जरा हळू बोला, नानी मागच्या ओट्यावर पाणी भरतायत. वागदर्डी धरणात असेना का पाणी, आपल्या नळाला येतंय कधी... आणि आलं की सगळी गल्ली ओट्यावर. तर काय सांगत होते...

नानांचा तो डबा तुम्हाला माहितीच आहे. थोरल्याच्या इंजिनिअरिंगसाठी २०१२ साली घेतलेला, सेकंड जनरेशनचा आय-थ्री. थोरला शिकून पुण्याला गेला, डबा इथंच राहिला. नाना रेल्वेच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि त्याच्यावर लग्नपत्रिका करायला बसले. पेजमेकर, श्री-लिपि, सगळं तेव्हाचंच. पुलाच्या गर्डरांत जन्म गेला माणसाचा, पण 'चि. सौ. कां.' मधलं टिंब कधी चुकलेलं दाखवा! फक्त डबा सुरू व्हायला हल्ली इतका वेळ लागायचा, की नानी म्हणायच्या, 'बटण दाबा आणि आंघोळ उरकून या.'

तर नाशिकहून जावईबापू आले. त्यांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. म्हणजे, असं ते म्हणतात. चहा झाला आणि जाहीर केलं, 'नाना, प्रोसेसर म्हातारा झालाय. आय-सेव्हन टाका, बघा कसा पळतो.' नानांचा चेहरा असा खुलला म्हणता! लगेच बेतसुद्धा ठरला. पहाटेच्या पंचवटी एक्सप्रेसनं मुंबई, लॅमिंग्टन रोडवर खरेदी, संध्याकाळच्या पंचवटीनं परत. नानी आतून म्हणाल्या, 'एवढ्याशासाठी मुंबई?' पण ऐकतंय कोण.

मग लेकीनं थोरल्याला व्हिडिओ कॉल लावला. थोरला विचारतो, 'बोर्ड कुठला आहे?' जावईबापू म्हणाले, 'इंटेलचा.' 'अहो दाजी, चिपसेट कुठला?' त्यावर दाजींनी कप उचलला आणि चहा प्यायले. कप रिकामा होता हो! मी बघितलं ना. कोथिंबीर मागायला गेले होते, ती तशीच हातात राहिली.

बोर्ड निघाला एच-६१. त्यात प्रोसेसर बसतो तो दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या जनरेशनचा. चौथीचा आणलात तर सॉकेटच वेगळं, ११५५ च्या जागी ११५०. तिसरीचा घालायचा आणि बायोस जुनं असेल, तर आधीचा प्रोसेसर आत असतानाच ते अपडेट करायचं, नाहीतर पडद्यावर अंधार. आणि एवढं करून तो आय-सेव्हन मिळणार कुणाच्या तरी डब्यातून काढलेला, गॅरंटी दुकानदाराच्या जिभेवर! जावईबापू म्हणाले, 'हो हो, मी तेच म्हणणार होतो.' नानींनी माझ्याकडे बघितलं, मी कोथिंबिरीकडे.

इथं तरी थांबावं की नाही? तर त्यांनी बॅगेतून रॅम काढली. सासऱ्यांना सरप्राइज! डीडीआर-फोर. नानांच्या बोर्डाला लागते डीडीआर-थ्री. लावायला जातायत तर खाचच जुळेना. उलटी करून बघितली, अंगठ्यानं दाबून बघितली. थोरला तिकडून ओरडतोय, 'दाबू नका, स्लॉट मोडेल!' लेक ओढणीत तोंड घालून हसतेय आणि जावईबापूंचा चेहरा... जाऊ दे, पाहुणा माणूस. नानींनी पुन्हा चहा टाकला.

शेवटी स्टेशनकडच्या दुकानातल्या पोराला बोलावलं. त्यानं काय केलं असेल? कंट्रोल, शिफ्ट, एस्केप अशी तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर म्हणतात त्याला. प्रोसेसरचा आकडा वीस-पंचवीसच्या घरात रेंगाळतोय आणि डिस्कचा शंभरावर जाऊन बसलाय, हलायला तयार नाही. पोरगा म्हणाला, 'नाना, प्रोसेसर रिकामाच बसलाय. हार्ड डिस्क माल देईल तेव्हा तो काम करणार.' नाना घटकाभर गप्प. मग म्हणाले, 'म्हणजे रूळ कच्चे, आणि आपण इंजिन बदलायला निघालो होतो!'

डबा उघडला तर आत ही धूळ! पंख्याखालच्या पत्र्यांच्या फटी दिसेनात, आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून तिचे पोपडे निघत होते. फार तापला की प्रोसेसर आपणहून हळू चालतो म्हणे, जळू नये म्हणून. पोरानं सगळं पुसलं, नवी पेस्ट लावली, अडीच इंची एसएसडी बसवली आणि चार जीबी डीडीआर-थ्री आणखी टाकली. बोर्डाचं पोर्ट जुनं, तेव्हा एसएसडी पूर्ण वेगानं पळत नाही. पण त्या फिरत्या डिस्कपुढे कितीतरी बरी. आता नाना बटण दाबून चष्मा पुसतात तोवर पडदा हजर.

सगळे खुशीत, आणि सून काय म्हणाली? 'पण विंडोज टेनचं काय?' झालं! १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला ना. अकरा नंबरला इंटेलचा प्रोसेसर लागतो आठव्या जनरेशनपासून पुढचा. म्हणजे आय-सेव्हन टाकला असता तरी गाडी तिसरीतच अडली असती! थोरला म्हणाला, 'लिनक्स टाका, आपल्या सी-डॅकचं बॉस आहे.' नाना एवढंच म्हणाले, 'आणि माझे फॉन्ट?' कुणी काही बोललंच नाही.

शेवटी सुनेनंच तोड काढली. डब्याचं इंटरनेट काढायचं, त्यावर फक्त पत्रिका, बँकेचं काय ते मोबाइलवर. मला विचाराल तर पोरगी हुशार आहे, नानी काही म्हणोत. पत्रिकेला कशाला हवंय इंटरनेट?

आणि खरी गंमत पुढंच. जावईबापू नाशिकला सांगत सुटलेत, 'मीच म्हटलं होतं, एसएसडी टाका.' ती डीडीआर-फोर अजून नानींच्या शोकेसमध्ये पडलीय, दुकानदार परत घेईना.

तुमच्याही भाच्यानं परवा प्रोसेसर बदला म्हणून सांगितलंय ना? मग आधी ती तीन बटणं दाबा आणि नेहमीचं काम चालू असताना आकडे बघा. प्रोसेसर सारखा शंभरावर असेल तर करा विचार, डिस्क असेल तर पैसे तिथं घाला. आणि हो, कपाचं मी सांगितलं म्हणून नानींना बोलू नका हं.