प्रश्नपत्रिका फेझंट काढतो

डिसेंबरात इंग्लंडमधल्या नॉरफोकला जायला कुत्रा हे एकच सबळ कारण आहे. सँड्रिंगहॅमचा राजवाडा आहे, समुद्रही जवळ आहे, दोन्ही बहुधा धुक्यात असतात, स्थलवर्णन संपलं. उरतं ते शुगरबीटचं ओलं शेत. त्यात एका रांगेत बंदूकवाले, परीक्षक, हँडलर आणि लॅब्रॅडॉर चालतात, आणि प्रेक्षक लाल झेंड्याच्या मागे भिजतात. ही गोळी लागलेला पक्षी शोधून आणणाऱ्या शिकारी कुत्र्यांची स्पर्धा, फील्ड ट्रायल. सगळं जमवतो तो सेक्रेटरी. जमीनदाराची मनधरणी करायची, परीक्षक गाठायचे, अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या काढून एका दिवसाला बारा किंवा दोन दिवसांना चोवीस कुत्रे निवडायचे. फेझंट या शिकारीच्या पक्ष्याचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. त्यातून रविवार आणि नाताळ कायद्यानेच वजा. एवढं करून प्रश्नपत्रिका काढतो फेझंट, आणि तो कमिटीवर नसतो. माझ्या मते स्पर्धेचं सगळं मोल या गैरसोयीतच आहे.

खरा अनर्थ मात्र पक्षी करत नाही. अंधारात उठून मैलोगणती गाडी हाकत आणलेला कुत्रा रांगेत बसतो, शेजारच्याचा नंबर पुकारला जातो आणि हा हळूच ‘ऊं’ करतो. बाद! भुंकणं नव्हे, नुसतं कण्हणंही केनेल क्लबच्या नियमांत चालत नाही. हुकमाआधी धावला तरी बाद. आणलेल्या पक्ष्याच्या बरगड्या परीक्षक बोटांनी चाचपतो. जबड्याने चेपलेल्या निघाल्या की तोही घरी. काम करायचं आणि कुरकुरायचं नाही, ही अट आपल्या कुठल्याही कचेरीत लावली तर दुपारपर्यंत शिपाईसुद्धा उरणार नाही. पण अट खुळी नाही. आवाजाने पुढचे पक्षी उठतात, आणि इथे जिंकलेल्याच कुत्र्यांच्या पिल्लांना मागणी असते. खोड पुढच्या पिढीत उतरवायला कोण पैसे देईल?

यावर आक्षेप येतो की हा न्याय नव्हे, नशीब आहे: एकाला पक्षी उघड्यावर पडलेला मिळतो, दुसऱ्याचा जखमी होऊन खंदकातून पळतो. मग उन्हाळ्यातल्या चाचण्यांसारख्या कापडी डमी फेकाव्यात, सगळ्यांना सारख्या अंतरावर. फेकाव्यात की! पण डमी पळत नाही, पळताना वासाचा माग सोडत नाही, आणि कुंपणाखाली तडफडत मरतही नाही. ज्या कामासाठी हा कुत्रा घडवला ते काम म्हणजे तो पळालेला पक्षी. तो जिवंत असतानाच, एक पीसही न दुखवता, तोंडात धरून कुत्रा हँडलरच्या हातात देतो, तेव्हा चेष्टा करणाऱ्याचीही जीभ क्षणभर अडते. मुळात गोळीच कशाला झाडता, असं कुणी विचारलं तर नियमावलीकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. पण गोळी झाडली जाते तोवर त्या शेतात सर्वांत कमी दोष ज्याच्याकडे जातो, त्याच्याच परीक्षा घेतात, हे मात्र जरा अतीच झालं.