चोवीसपट लहान ट्रक

प्लास्टिकच्या मॉडेल-ट्रकचे रूढ प्रमाण १:२४ किंवा १:२५. अडीच मीटर रुंदीचा ट्रक १:२४ मध्ये जेमतेम साडेदहा सेंटिमीटर भरतो आणि टीव्हीशेजारी आरामात मावतो. घरच्यांचा विरोध मात्र मूळ आकारातच राहतो.

कर्जाचे हप्ते नि मुलांच्या परीक्षा उरकून या छंदाकडे परतणाऱ्याची पहिली खरेदी चाळिशीच्या चष्म्याची असते. पुढे अडते ते किटपाशी. इटालेरी, रेव्हेल यांच्या खोक्यांतून युरोप-अमेरिकेचे ट्रक निघतात. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीवरून नांदेडकडे हळदीची पोती नेणारा टाटा निघत नाही. मग परदेशी चासीवर सनबोर्डाची केबिन आणि फाळका चढवावा लागतो.

खरी जुंपते नंबरप्लेटवर. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, तेव्हा त्याआधीच्या ट्रकवर एमएच ३८ रंगवणे म्हणजे घोर पाप. तिथे एमएच २२च हवे. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे. खरे ट्रक ती किती पाळतात, ते रस्त्यावर दिसतेच. मॉडेलवाला कसोशीने पाळतो, कारण तीन मिलिमीटरची अक्षरे काढताना हात थरथरतो.

शेवटी ‘वेदरिंग’, म्हणजे नवा ट्रक जुना करणे. त्यासाठी धुळीच्या रंगाची पूड परदेशातून बाटलीत मागवतात. कळमनुरीत खिडकी उघडी ठेवली की ती फुकट मिळते, पण बाटलीतली अस्सल वाटते. बंपरवरच्या लिंबू-मिरचीला आयात पर्याय नाही. पाच सेंटिमीटरची मिरची दोन मिलिमीटरवर आणावी लागते, आणि ती दर शनिवारी बदलायची का, याबद्दल किटच्या सूचनापत्रात अवाक्षर नसते.