लादीखालचे शेजारी

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीच्या चाळीस-पन्नास वर्षं जुन्या सोसायटीत कुणी बाथरूम फोडायला काढलं, की पहिली चर्चा टाइल्सच्या रंगावर होते. घरात जितकी माणसं तितके रंग. शेवटी बेज येतो, कारण बेजवर कुणाचं प्रेम नसलं तरी कुणाचा आक्षेपही नसतो. माझं म्हणणं असं, की हा सगळा वेळ वाया जातो. जुन्या इमारतीतलं बाथरूम तुमचं असतं ते लादीच्या वरच्या अंगापर्यंतच. तिथून खाली ते दोन कुटुंबांच्या सामाईक मालकीचं असतं, मग खरेदीखतात काहीही लिहिलेलं असो. पैसा, लक्ष आणि भांडायची ताकद यांचा मोठा वाटा त्या खालच्या भागात गेला पाहिजे.

पुरावा हवा असेल तर खालच्यांच्या माळ्यावर डोकवा. त्या काळच्या कित्येक इमारतींत बाथरूमचं पाणी वाहून नेणारा नहाणी ट्रॅप वरच्या घरात नसतोच. तो स्लॅबमधून उतरून खालच्या घरात लोंबतो. आंघोळ दुसऱ्या मजल्यावर होते आणि तिचं पाणी पहिल्या मजल्यावरच्या पापडाच्या डब्यांच्या आणि गणपतीच्या मखराच्या शेजारून जातं. जिथे स्लॅब मुद्दाम खाली घेतलेला आहे, तिथे त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरून वर कोबा केलेला असतो. कोब्याला भेग गेली की हा भराव पाणी पीत राहतो. तक्रार न करता महिनोन्महिने पितो, आणि पोट भरलं की खालच्यांच्या छतावर नकाशा उमटतो. वरचे मग निरागसपणे म्हणतात, 'आम्ही तर दोन दिवस गावाला होतो, आमचं पाणी कसं असेल?' भरावातलं पाणी गावाला गेलेलं नसतं.

कायद्यालाही हे दुहेरी मालकीचं प्रकरण माहीत आहे. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालच्या आदर्श उपविधींनी वाटणी करून ठेवली आहे: सामाईक ड्रेनेज लाइन, बाहेरून झिरपणारं पावसाचं पाणी आणि गच्चीमुळे गळणारं छत सोसायटीच्या गळ्यात, संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती ज्याच्या त्याच्या गळ्यात. कागदावर हे निर्मळ आहे. पाणी मात्र उपविधी वाचून वाहत नाही. घरातला पाइप डक्टमधल्या बिडाच्या जुन्या पाइपला जिथे मिळतो, त्या जोडाच्या अलीकडे सदस्य आणि पलीकडे सोसायटी, आणि थेंब पडतो तो नेमका जोडावरून. सेक्रेटरींचं ठाम मत असतं की गळती आतली आहे. सदस्याचं तितकंच ठाम मत असतं की ती बाहेरची आहे. प्लंबर पैसे देणाऱ्याशी सहमत होतो. मग रंगाची चाचणी होते: वरच्यांनी पाण्यात रंग मिसळून ओतायचा आणि खालच्यांनी मान वर करून बसायचं. पुरावा म्हणून एवढं पुरायला हवं. तरीही छतावर लाल थेंब आला, की वरून 'हा आमचा लाल नाही' असं ऐकू येऊ शकतं.

यावर पहिला आक्षेप तयार असतो: घर माझं, पैसा माझा, मी जुन्या लादीवर नवी लादी लावीन. लावा, पण आधी हिशेब करू. पाच सेंटिमीटर जाडीच्या सिमेंट-वाळूच्या थराचं वजन दर चौरस मीटरला साधारण शंभर किलो भरतं. चार बाय सहा फुटांचं बाथरूम म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. टाइल्स सोडून सव्वादोनशे किलो झाले. तीन धट्टीकट्टी माणसं बाथरूममध्ये कायमची उभी केली. एका घराने केलं तर इमारत बोलणार नाही. सगळ्या मजल्यांनी केलं, की तेच खांब हा सगळा गोतावळा पेलत बसतात. शिवाय जमीन वर येते, उंबरा उरत नाही आणि पाण्याला हॉलमध्ये यायचं आमंत्रण मिळतं. आता पातळ केमिकलवर लादी बसते, एवढं वजन येत नाही, असा युक्तिवाद होतो. वजनापुरता तो खरा आहे. पण खालचा भेगाळलेला कोबा तसाच राहतो, आणि त्यावर नवी लादी लावणं म्हणजे दुखण्यावर शाल पांघरणं.

भिंत पाडायची असेल तर मात्र थट्टा बाजूला ठेवावी लागते. २५ जुलै २०१७ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली साईसिद्धी इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांब तोडल्याचा आरोप झाला. बाथरूमचं काम एवढं मोठं नसतं, हे मान्य. पण संडास आणि न्हाणीघर यांच्यामधली भिंत पाडून एकच ऐसपैस खोली करायची लहर आली, तर ती भिंत काय पेलते हे ठेकेदाराला विचारू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं. तीस वर्षांवरच्या इमारतीला ऑडिट सक्तीचं आहे, तेव्हा असा इंजिनिअर सोसायटीच्या ओळखीचा असायलाच हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: रिडेव्हलपमेंट येतेच आहे, कशाला खर्च करायचा? उपनगरात रिडेव्हलपमेंट पुढच्या वर्षी असते, आणि बरीच वर्षं ती पुढच्याच वर्षी असते. तोवर स्लॅबमधली ओल सळईला गंज चढवते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा खाली पडतो. तो पडतो ते बिल्डर येण्याची वाट न पाहता. तरी या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. चार-पाच वर्षंच राहायचं असेल तर इटालियन लादी कशाला? वर साधं घ्या, खाली चांगलं करा. आपल्याकडे होतं नेमकं उलटं. तीच गोष्ट भिंतीआड दडवलेल्या पाइपांची. जुने उघडे पाइप दिसायला ओंगळ, पण गळले की त्याच दिवशी पकडले जायचे. काचेच्या शॉवर केबिनबद्दल एवढंच सांगतो, की विहार आणि तुळशी हे दोन तलाव उपनगरातच असूनही पाणीकपात जाहीर झाली की त्या केबिनमध्ये निळं पिंप जाऊन बसतं. कॅटलॉगमध्ये पिंप नसतं.

तेव्हा बाथरूम काढणाऱ्यांना विनंती आहे. आधी सोसायटीला लेखी कळवा. कोबा काढा, बिडाचा जोड तपासून घ्या, वॉटरप्रूफिंग करा, आणि लादी लावायच्या आधी नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवा. ठेकेदार म्हणेल, एका रात्रीत कळतं. त्याचं ऐकू नका. दोन दिवसांनी खालच्या काकूंना वर बोलावू नका, तुम्ही खाली जा. त्यांच्या छताला हात लावून बघा. ते कोरडं असेल तरच लादीवाल्याला फोन करा.