सांबराचा सातबारा

शिकार म्हटलं की आधी बंदूक, अशी माझी समजूत होती. धर्माबादला वाढलेल्या माणसाची दुसरी काय असणार? आमचं गाव 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. थोरल्यांकडून ऐकलेल्या गोष्टींत साहेब मचाणावर बसलेला असायचा, गावंच्या गावं हाक्याला निघालेली असायची आणि वाघ कोणत्या नाल्यात आहे हे साहेब सोडून सगळ्यांना ठाऊक असायचं. 1902 साली लॉर्ड कर्झन हैदराबाद संस्थानात शिकारीला आला होता. मेलेल्या वाघाजवळ उभा असलेला त्याचा फोटो अजून पुस्तकांतून भेटतो. त्या वाघासाठी त्यानं टक्केवाऱ्या काढत रात्री जागवल्या असतील, असं त्या चेहऱ्यावरून वाटत नाही.

माझा डेन्व्हरचा पुतण्या मात्र जागतो. त्याला कोलोरॅडोच्या डोंगरात एल्क मारायचाय. एल्क म्हणजे आपल्या काश्मिरी हंगुलाचा भाऊबंद. नर तीनशे किलोच्या घरात जातो. आमच्या घरात त्याला 'सांबर' म्हणायचं ठरलंय, कारण 'एल्क' म्हटलं की वहिनींना ते नव्या मोटारीचं नाव वाटतं. वहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांना लेकानं "जनावरं बघायला जाणार आहे" एवढंच सांगितलंय. खोटं नाही, आधी बघावं तर लागतंच.

बंदूक त्यानं अजून घेतलेली नाही. कोणत्या ॲपची वर्गणी भरावी इथंच घोडं अडलंय. एके दिवशी त्यानं मला तक्ता पाठवला. आडवी नावं: ऑनएक्स, गोहंट, हंटस्टँड, बेसमॅप. उभे रकाने: जमिनीची मालकी, लॉटरीची शक्यता, वाऱ्याची दिशा, वार्षिक वर्गणी. खाली लिहिलेलं: "काका, तुम्ही आयुष्यभर नकाशेच बघितले. यातलं कोणतं घेऊ?"

मी भूमी अभिलेखात भूकरमापक होतो. निवृत्तीनंतर वांगी आणावीत का दोडकी, याबद्दलही मला कुणी विचारत नाही. त्यामुळं मी चष्मा पुसून बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की, शिकारीच्या या ॲपांत जनावर कुठंच नाही. ऑनएक्स उघडलं की दिसतात त्या हद्दी. मोंटानातल्या मिसूला गावी 2009 साली एका शिकाऱ्यानं ही कंपनी काढली, कारण त्याचा प्रश्न 'जनावर कुठंय' हा नव्हता; 'मी कुणाच्या जमिनीत उभा आहे' हा होता. नकाशावर बोट टेकवलं की मालकाचं नाव, एकर, चतुःसीमा. निळा ठिपका म्हणजे तुम्ही. ठिपका रेषेपलीकडं गेला की तुम्ही शिकारी राहत नाही, घुसखोर होता. म्हणजे शंभर डॉलर भरून हे लोक सातबारा आणि गटनकाशा खिशात घेऊन हिंडतात! मला त्या राष्ट्राबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

आपुलकी वाढायला आणखी एक कारण झालं. आमची मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा; असे चाळीस झाले की एकर. अमेरिकेची पश्चिम मोजली गेली ती गंटरसाहेबाच्या 66 फुटी साखळीनं, म्हणजे बरोबर आमच्या दुप्पट. ऐंशी साखळ्यांचा मैल, आणि मैलभर लांब-रुंद चौकोन म्हणजे 640 एकरांचा तुकडा. 1862 च्या कायद्यानं रेल्वे कंपन्यांना रुळाच्या दोन्ही अंगांना असे तुकडे एकाआड एक वाटले गेले. मधले सरकारकडं राहिले. वायोमिंगचा नकाशा त्यामुळं काही ठिकाणी बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. पांढरी घरं खासगी, काळी सरकारी, आणि काळ्यातून काळ्यात जायचं तर वाट फक्त कोपऱ्यातून.

आता कोपरा म्हणजे बिंदू. बिंदूला रुंदी नसते, हे शाळेत शिकवतात आणि कोर्टात सिद्ध करावं लागतं. 2021 च्या शरदात मिसूरीचे चार शिकारी वायोमिंगच्या एल्क माउंटनवर गेले. कोपऱ्यावर दोन खांब ठोकून, साखळी बांधून 'आत येऊ नये'च्या पाट्या लावलेल्या. या बहाद्दरांनी काय करावं? लोखंडी शिडी बनवून नेली. इकडच्या सरकारी घरातून चढायचं, तिकडच्या सरकारी घरात उतरायचं, खासगी मातीला पाय लावायचा नाही. मालकाचं म्हणणं पडलं की माझ्या हवेतून गेले. बावीस हजार एकरांचा धनी तो. त्यानं सत्तर लाख डॉलरांहून जास्त नुकसान सांगितलं. फौजदारी खटल्यात ज्युरीनं 2022 साली चौघांना सोडलं. दिवाणी दाव्यात त्यांनी ॲपमध्ये मारून ठेवलेल्या खुणा हाच पुरावा झाला. अमुक खूण आमच्या हद्दीत पडते, यावर वकील भांडले. 2023 ला निकाल शिकाऱ्यांच्या बाजूनं, मार्च 2025 मध्ये अपिलातही तोच, आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. कामाला आला 1885 चा कायदा, जो गुरं चारणाऱ्यांनी सरकारी कुरणं तारेनं कोंडू नयेत म्हणून केलेला.

मी ही हकिकत दोनदा वाचली आणि पुतण्याला कळवलं, "हे आपलं खातं आहे."

असे कोपऱ्यात अडकलेले सरकारी एकर अमेरिकेच्या पश्चिमेत 83 लाख आहेत, असं ऑनएक्सनंच 2022 मध्ये मोजून सांगितलं. आमच्याकडं तेवढे नसतील, पण पाणंद रस्त्यावर दगड टाकून बसलेली माणसं दाखवायला मला धर्माबाद तालुक्याबाहेर जावं लागणार नाही.

पुढचा रकाना लॉटरीचा. चांगल्या विभागातला परवाना मागितला म्हणून मिळत नाही, अर्ज टाकून सोडतीची वाट बघायची. कोलोरॅडोत नंबर लागला नाही की एक गुण मिळतो. ज्याचे गुण जास्त, त्याचा नंबर आधी. काही विभागांत वीस-वीस वर्षं गुण साठवणारे लोक आहेत. नेवाडात गुणांचा वर्ग करतात: पाच गुणांचे पंचवीस. न्यू मेक्सिको आणि आयडाहोत गुणबिण नाहीत, सगळे नशिबापुढं सारखे. हा गुंता सोडवून सांगायचे गोहंट वर्षाला दीडशेच्या आसपास डॉलर घेतं. तुमचे गुण घाला, राज्य निवडा, नर किती मारले गेले त्याची टक्केवारी बघा, आणि शक्यता 0.8 टक्के आहे हे वाचून झोपा.

मला वाटलं होतं, पोरगं यानं खचेल. पण ते ग्रीनकार्डच्या रांगेत उभं आहे. भारतात जन्मलेल्या माणसाला त्या रांगेत किती वर्षं काढावी लागतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला सांबराची वीस वर्षं म्हणजे हाताशी आल्यासारखीच वाटतात. "काका, इथं निदान दरवर्षी गुण तरी देतात," तो म्हणाला. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला तिथं बंदूक बाळगायला बंदी आहे, पण शिकारीचा परवाना असला की ती बंदी उठते, ही माहितीही त्यानंच दिली. नागरिकत्वाआधी सांबर मिळू शकतं, अशी त्या देशाची व्यवस्था आहे.

मग मी पदरचा उद्योग म्हणून कोलोरॅडोच्या वन्यजीव खात्याची वेबसाइट धुंडाळली. ज्या आकड्यांवर दीडशे डॉलर उभे आहेत, ते बहुतेक तिथं फुकट पडलेत: कोणत्या विभागाला किती अर्ज, किती गुणांवर नंबर लागला, गेल्या हंगामात किती जनावरं मारली. शिकारीचा नकाशाही आहे. फक्त लांबलचक तक्त्यांत आहे आणि वाचायला कारकुनाचा पिंड लागतो. तो माझ्याकडं पिढीजात आहे. शिवाय स्थानिक रहिवाशाला एल्कचा परवाना साठ-सत्तर डॉलरच्या आसपास पडतो, बाहेरच्याला त्याच्या दहापटीहून जास्त. आणि रायफलच्या दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात बऱ्याच विभागांत नराचा परवाना सोडतीशिवाय थेट विकत मिळतो. हे मी पुतण्याला मोठ्या विजयानं कळवलं. तर म्हणाला, "तिथं कुणीही जातं, काका."

म्हणजे प्रश्न सांबराचा नव्हताच.

याच सुमारास माझा मेहुणा घरी आला. त्याचं शेत गोदावरीच्या अंगाला, बाभळी बंधाऱ्याकडं. सोयाबीन उगवून आलं की रात्री रानडुकरांचा कळप येतो, हरभऱ्यात रोही येतात. त्यानं बांधावर जुन्या साड्या बांधल्यात, झटका मशीन बसवलंय, कुत्र्याचं भुंकणं भरलेला भोंगा लावलाय. डुकरं आता त्या भोंग्याला घरचा मानतात. मी त्याला ॲप दाखवलं. त्यानं तक्ता नीट ऐकून घेतला.

"दाजी, पैशे भरून जनावर हुडकायलेत का लोकं? माझ्या वावरात या म्हनावं. फुकट दावतो."

त्याला कायदा समजावायची गरज नव्हती. या देशात शौकाची शिकार आता कायद्यानं बंद आहे. पिकं खाणारं रानडुक्कर असो की रोही, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. ती परवानगी म्हणजे अर्ज, पंचनामा आणि पुन्हा सातबारा. जागलीवर बसून कोणत्या वाऱ्याला कळप कुठून शिरतो हे मेहुण्यानं पाठ केलंय. ॲपातला वाऱ्याचा थरही तेच सांगतो: डोंगरात पहाटे गार हवा खाली उतरते, ऊन चढलं की वर सरकते, आणि एल्कचं नाक चुकत नाही. मला वाटलं, आता हा म्हणणार, यात काय नवीन. पण त्याचं लक्ष वाऱ्याकडं नव्हतंच. मी मोंटानातल्या एका रानावर बोट टेकवलं होतं आणि मालकाचं नाव वर आलं होतं. त्यानं फोन हातात घेतला.

"यात माझा बांध दिसल का?"

हे नकाशे अमेरिकेचे, इथं चालत नाहीत, असं मी सांगितलं. आपल्याकडं महाभूनकाशावर गट नंबर टाकला की गटाची आकृती येते, सातबारा फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा हवा तर पंधरा रुपये. हे त्याला ठाऊक होतं. त्याला निळा ठिपका हवा होता. शेजाऱ्यानं नांगर बांधात घातला की ठिपका नेऊन त्याच्या अंगणात दाखवायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. "शंभर डालर म्हंजी किती व्हतेत?" मी सांगितलं. "वकिलापक्षा सवस्त हाय," म्हणाला, आणि डुकरांचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही.

पुतण्याला मी शेवटी माझा अहवाल दिला, खात्यात असताना देत असे तसा, सही-तारखेसह. तो इथं देतो, कारण धर्माबाद, बिलोली, देगलूरकडची पुष्कळ पोरं तिकडं आहेत आणि त्यांचे काकाही निवृत्त आहेत. आकड्यांसाठी पैसे देऊ नका, ते राज्य सरकार फुकट देतं. वाचायचा कंटाळा असेल तर काकांना पाठवा. पैसे द्या ते हद्दीच्या नकाशाला, आणि तेही आपल्या एकाच राज्यापुरते, सगळ्या देशाचे नव्हे. डोंगरात रेंज नसते, तेव्हा नकाशा घरूनच उतरवून न्या. जनावर मारलंच तर खाण्याजोगं मांस रानात सोडणं तिथं गुन्हा आहे. मोठ्या नराचं हाडं काढूनही शंभर किलोच्या आसपास भरतं, ते पाठीवरून खेपा करत गाडीपर्यंत आणावं लागतं. म्हणून रस्त्यापासून किती लांब जायचं हे ॲपला नाही, गुडघ्यांना विचारा. अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका.

पुतण्यानं अहवाल मान्य केला, आभार मानले आणि दोन्ही वर्गण्या भरल्या. सोडतीत त्याचा नंबर लागला नाही. एक गुण जमा झालाय.