तळेकर

तळेकर हे कोकणात आडनाव असतं. अलाबामात तो स्वभाव आहे. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, मुलं शिकून शहरात गेलेली आणि गावाबाहेरच्या जमिनीच्या तुकड्यात तीन एकरांचं एक तळं, एवढं जमून आलं की माणसाचा तळेकर होतो. आधी तो विमा विकत असेल, लोकांचे दात काढत असेल नाहीतर ट्रक चालवत असेल. त्याने काही बिघडत नाही. तळं आलं की त्याच्या बोलण्यातला 'मी' कमी होतो आणि 'ती' यायला लागते. आज ती दिसली, आज ती बांधाजवळ फिरत होती, आज तिने काही खाल्लं नाही. ही 'ती' आपण नव्हे, हे त्याच्या बायकोला पहिल्याच आठवड्यात कळतं.

'ती' म्हणजे लार्जमाउथ बास. हिरवट पाठ, कुशीवर काळा पट्टा आणि डोळ्याच्याही मागे जाणारा जबडा. अमेरिकेच्या दक्षिणेत या माशाला जो मान आहे तो आपल्याकडे कोल्हापूरच्या पैलवानाला असतो. तळेकराचं स्वप्न दहा पौंडी बासचं, म्हणजे साडेचार किलोंचं. सुरुवातीला तो मोठ्या माशांना 'जनरल', 'एल्विस' अशी भारदस्त नावं ठेवतो. मग कोणीतरी त्याला सांगतं की या जातीत नर सहसा चार-पाच पौंडांवर थांबतो, त्यापुढचं सगळं वजन बायकांचंच. एका रात्रीत जनरलची डॉली होते.

मालवणी वाचकाच्या मनात एव्हाना प्रश्न आला असेल: साडेचार किलोंचा मासा, मग त्याचं करतात काय? काही करत नाहीत. गळाला लावतात, पट्टीवर मोजतात, काट्यावर तोलतात, दोन्ही हात कॅमेऱ्याकडे लांबवून फोटो काढतात (हात जितके पुढे, तितका मासा मोठा) आणि ओल्या हातांनी अलगद पाण्यात सोडून देतात. नवस फेडून आल्यासारखा चेहरा करून तळेकर घरी येतो आणि रात्री दुकानातून आणलेली कोंबडी खातो.

ज्या माणसामुळे हे सगळं सुरू झालं, त्याला हे बघून काय वाटलं असतं कोण जाणे. होमर स्विंगल हा खरा कीटकशास्त्रज्ञ. 1930च्या दशकात अलाबामातल्या ऑबर्नच्या कॉलेजात (ते 1960 साली ऑबर्न विद्यापीठ झालं) त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तळ्यांचा नाद घेतला. त्या काळी लोक तळ्यात मिळेल तो मासा मिळेल तितका सोडायचे आणि दोन वर्षांनी पोस्टाच्या तिकिटाएवढे मासे पकडत नशिबाला बोल लावायचे. स्विंगलने तळी मोजून-मापून भरली, काही काळाने पूर्ण उपसली आणि तळाच्या चिखलातला मासा न् मासा मोजला. वर्षानुवर्षं. त्यातून निघालेलं गणित आजही दक्षिणेत पाढ्यासारखं म्हणतात: खत घातलेल्या तळ्यात एकरी हजार ब्लूगिल आणि शंभर बास. ब्लूगिलची बोटुकली आधी शरदात सोडायची, बासची पुढच्या जूनमध्ये. ब्लूगिल हा तळहाताएवढा चपटा मासा. उन्हाळाभर पुन्हा पुन्हा अंडी घालतो, आणि बासचं घर त्या पिल्लांवर चालतं. 1950 साली स्विंगलने 'संतुलित तळं' म्हणजे काय ते आकड्यांत मांडलं. त्याची व्याख्या साधी होती: जे तळं दरवर्षी पकडण्याजोग्या आकाराचे मासे भरपूर देतं ते संतुलित. शेतकऱ्याने मासे पकडायचे, बायकोने तळायचे, हे त्यात गृहीतच होतं. तळेकराने गणित घेतलं, तवा सोडून दिला.

बाकी मेहनतीत मात्र तो कुठे कमी पडत नाही. शेतात घालावा तसा तो तळ्यात चुना घालतो, कारण दक्षिणेतली माती आंबट आणि आंबट पाण्यात खत लागू पडत नाही. मग फॉस्फरसवालं खत. खताने पाण्यात हिरवी सूक्ष्म वनस्पती वाढते, तिच्यावर कृमी-कीटक, त्यांच्यावर ब्लूगिल आणि ब्लूगिलवर डॉली. नीट खत दिलेलं तळं बिनखताच्या तळ्याच्या तिप्पट-चौपट मासळी पोसतं. खत किती झालं हे कळायला एक काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची. ती 18 ते 24 इंचांवर दिसेनाशी झाली पाहिजे. स्वतःच्या वाढदिवसाची तारीख विसरणारा माणूस ही तबकडी दर शनिवारी सोडतो, आकडा वहीत लिहितो आणि जेवताना घरच्यांना सांगतो. 'बावीस!' कोणी काही बोलत नाही.

काठावर घड्याळ लावलेला खाद्याचा डबा असतो. ठरल्या वेळी तो घरघरतो, गोळ्या उडवतो आणि पाणी खदखदायला लागतं. हे खाद्य बासचं नव्हे, ब्लूगिलचं. त्यांना गुबगुबीत करायचं ते पुढे बासने गिळावं म्हणून. संध्याकाळी साडेसहाला डबा वाजतो, म्हणून त्या घरात रात्रीचं जेवण साडेसातला. जानेवारीत तळेकर शेजारपाजारच्या अंगणातून टाकून दिलेली ख्रिसमसची झाडं गोळा करतो, त्यांना दगड बांधतो आणि तळ्यात बुडवतो. पिल्लांना आडोसा होतो. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांना वाटलं होतं की माणूस धार्मिक झाला.

शत्रू अनेक. पहिला करडा बगळा, चार फूट उंच, सकाळी सहाला हजर. त्याला हात लावायची सोय नाही. स्थलांतरित पक्ष्यांच्या 1918च्या कायद्याने तो सरकारचा जावई आहे. तळेकर टाळ्या वाजवतो. बगळा मान वळवून बघतो आणि एक ब्लूगिल गिळतो. दुसरं पाणमांजर. तिसरा शत्रू घरातलाच: मेहुण्याचा मुलगा. कुठल्याशा धरणावरून त्याने बादलीभर क्रॅपी नावाचे मासे आणले आणि काकांना सरप्राइज म्हणून परस्पर तळ्यात ओतले. लहान तळ्यात क्रॅपी म्हणजे भाड्याच्या घरात घुसलेले पाहुणे: एकतर स्वतःचीच संख्या इतकी वाढवतात की सगळेच खुरटतात, नाहीतर बासची पिल्लं फस्त करतात. त्या थँक्सगिव्हिंगला दोन घरांत बोलणं नव्हतं.

चौथा शत्रू तळेकर स्वतः. एका उन्हाळ्यात पाणवनस्पती फार माजली म्हणून त्याने अख्ख्या तळ्यावर एकाच दिवशी तणनाशक मारलं. पानं सडली, सडताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतला, त्यात दोन दिवस ढगाळ हवा. तिसऱ्या दिवशी पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं वर करून उभे. तळ्याचा एक तुकडा आज, दुसरा दोन आठवड्यांनी, असं करायचं असतं, हे डब्यावर छापलेलं होतं. डबा वाचतो कोण?

यातूनही तळं वाचलं. पण चौथ्या-पाचव्या वर्षी गळाला लागणारी प्रत्येक बास बारा इंचांची. मागच्या वर्षीही बारा, यंदाही बारा. डोकं मोठं, पोट खपाटीला. तळेकराने विचार केला, खाद्याची कमतरता नसणार, कारण ब्लूगिल तर हाताच्या पंज्याहून मोठे निघत होते. पाहुण्यांना तो अभिमानाने तेच दाखवायचा. शेवटी त्याने तळ्याचा डॉक्टर बोलावला.

हा डॉक्टर होडीतून येतो. होडीवर जनरेटर, पुढे पाण्यात लोंबणाऱ्या विजेच्या तारा. बटण दाबलं की आसपासचे मासे गुंगी येऊन वर तरंगतात, जाळीने उचलायचे, मोजायचे, पुन्हा सोडायचे. तळेकर काठावर हात छातीशी धरून उभा होता. बायकोच्या बाळंतपणातही तो इतका घाबरला नव्हता, असं त्याची बायकोच सांगते. डॉक्टरने मासे तोलले. बारा इंची बास साधारण चारशे ग्रॅमची हवी, ही तीनशेची. मग त्याने ते थोराड ब्लूगिल हातात घेतले आणि म्हणाला, "हेच लक्षण." तळ्यात बास इतक्या झाल्यात की ब्लूगिलची सगळी पिल्लं लहानपणीच संपतात. जे थोडे वाचतात ते एवढे मोठे होतात की बारा इंची बासच्या घशात जात नाहीत. ज्याचं कौतुक चाललं होतं तोच रोग.

हिशोब कडू आहे. बासच्या अंगावर एक पौंड मांस चढायला तिला दहा पौंड मासे खावे लागतात. एवढं जेवण शंभर जणींत वाटलं की सगळ्या उपाशी. वीस जणींत वाटलं तर त्यातली एखादी डॉली होते. म्हणून औषध एकच: चौदा इंचांखालच्या बास दरवर्षी एकरी वीस-तीस पौंड काढायच्या, आणि परत सोडायच्या नाहीत. तीन एकरांना पंचाहत्तर पौंड धरले, तर बारा इंची रोडक्या बास शंभराच्या वर.

"काढून काय करू?" तळेकराने विचारलं.

"खा," डॉक्टर म्हणाला.

इथे गाडी अडली. ज्याने पाच वर्षं प्रत्येक मासा मुलासारखा पाण्यात सोडला, त्याला सुरी धरवेना. त्याने पर्याय शोधले. फ्लोरिडा वंशाच्या बास आणल्या तर? त्या रक्तानेच मोठ्या होतात, हे खरं; पण उपाशी घरात थोरल्या घराण्याची सून आणली तरी ती वाळतेच. टेक्सासचं उदाहरण त्याने दिलं. तिथे 1986पासून तेरा पौंडांवरची बास सापडली की कोळी ती सरकारच्या स्वाधीन करू शकतो. सरकारी हॅचरीत तिचं बाळंतपण करतात आणि पिल्लं राज्यभर सोडतात. पहिली आली ती लेक फोर्कमधली, साडेसतरा पौंडांच्या वरची. तिचं नाव एथेल. अशी एक एथेल आपल्याला मिळाली तर! डॉक्टरने त्याला आठवण करून दिली की लेक फोर्क हजारो एकरांचं आहे.

मग डॉक्टरने जॉर्ज पेरीची गोष्ट सांगितली, जी दक्षिणेत प्रत्येकाला पाठ असते, तळेकरालाही होती. 2 जून 1932, मंदीचे दिवस, जॉर्जियातला वीस वर्षांचा शेतकरी पोरगा. शेतात पाणी साचलेलं, म्हणून मित्राबरोबर माँटगोमेरी लेकवर गेला. 22 पौंड 4 औंस, म्हणजे दहा किलोंहून थोडी जास्त. पोस्टातल्या काट्यावर वजन झालं. तो जागतिक विक्रम सत्तर-ऐंशी वर्षं टिकला. 2009 साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने पकडलेली बास काकणभर जड भरली, पण नियमाला दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून आजही दोघांची बरोबरीच लिहितात. तळेकराचे डोळे भरून आले. पेरीने त्या माशाचं काय केलं, हे मात्र तो नेहमी विसरतो. पेरी मासा घरी घेऊन गेला आणि घरच्यांनी तो दोन वेळच्या जेवणात खाल्ला.

त्यावर तळेकर बराच वेळ गप्प होता. दुसऱ्या दिवशी त्याने गावातून मक्याचं पीठ, कढई आणि फ्रीजर आणला. फ्रीजरवर कागद चिकटवला: 'लक्ष्य शंभर'. हे मार्चमधलं. आता सप्टेंबर संपत आला आहे. फ्रीजरमध्ये अकरा बास आहेत. बारावी काल सापडली होती, पण ती जरा चुणचुणीत वाटली, म्हणून सोडून दिली.