आधी की चांगलं?

चरणजीत सिंग यांच्या चाहत्यांना एक वाईट खोड लागली आहे. तबकडी ऐकण्याआधी ते सनावळी काढतात. एक म्हणतो १९८२, दुसरा म्हणतो १९८७, आणि मधल्या पाच वर्षांवरून दोघे हातघाईवर येतात. भैरव कसा वाजलाय, हे कोणी विचारत नाही.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चरणजीत सिंग मुंबईचे. जन्म १९४० चा, निधन ५ जुलै २०१५ ला. शंकर-जयकिशनपासून राहुल देव बर्मनपर्यंत अनेक संगीतकारांच्या वाद्यवृंदांत ते गिटार आणि विजेवरची वाद्यं वाजवत. पडद्यावर नाव न येणाऱ्या, पण गाण्याचा रंग ठरवणाऱ्या वादकांपैकी एक. १९८२ मध्ये त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं एकमेकांना जोडली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही बेस वाजवणारी चंदेरी डबी. तबल्याला सुट्टी दिली, खाली डिस्कोचा ठेका लावला आणि वर दहा राग वाजवले : भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. एच.एम.व्ही.ने तबकडी काढली. नाव सरळसोट, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ती खपली नाही. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती लागली, २०१० मध्ये त्याने ती स्वतःच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवर पुन्हा काढली, आणि जग चकित झालं.

चकित होण्याचं कारण असं. त्याच ३०३ मधून शिकागोच्या तीन तरुणांनी एक पिळवटलेला, गुरगुरणारा आवाज काढला. ‘फ्यूचर’ हे त्यांचं नाव, ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही त्यांची तबकडी, साल १९८७. तिथून ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नाचाच्या संगीताचा प्रकार जगभर गेला. आणि आता कळतं की मुंबईत एक माणूस पाच वर्षं आधी तोच आवाज, तोच ठेका घेऊन बसला होता.

इथून चाहत्यांची फाळणी झाली. एका गटाने चरणजीतना ‘अ‍ॅसिड हाउसचे जनक’ ही पदवी देऊन टाकली. दुसऱ्याने ती काढून घेतली : शिकागोच्या त्या पोरांनी ही तबकडी ऐकलीच नव्हती, मग जनक कसले? हा निव्वळ योगायोग. काहींनी तर २०१० मध्ये शंका घेतली की ही जुनी तबकडी नाहीच, युरोपातल्या कुठल्या तरी खोडकर संगीतकाराने आत्ता बनवून मुंबईच्या माथी मारली आहे.

ही शंका मला सगळ्यांत जास्त झोंबते. मुंबईच्या स्टुडिओत १९८२ मध्ये कुणाला असं सुचू शकतं, यावर विश्वास बसत नाही म्हणून खोटेपणाचा आरोप! ज्या शहरात रोज सकाळी पन्नास-साठ वादक एका खोलीत बसून संध्याकाळपर्यंत गाणं उभं करत, ज्या शहरातले वादक परदेशातून नवं वाद्य आलं की ते उघडून, वाजवून, आठवड्याभरात कामाला लावत, तिथल्या माणसाला हे सुचणार नाही तर कुणाला सुचणार?

पण पहिल्या दोन गटांचंही मला पटत नाही. कालगणना दोघांचीही बरोबर आहे. १९८२ हे १९८७ च्या आधी येतं, आणि शिकागोने मुंबई ऐकली नव्हती, ही दोन्ही विधानं खरी. संगीतात वारसा कानातून कानात जातो. इथे तो गेला नाही. मग साम्य आलं कुठून? यंत्रातून. ३०३ बनवली होती ती एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी म्हणून. तिचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच येईना. गिऱ्हाईक फिरकलं नाही, आणि १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवलं. जुन्या बाजारात ती मातीमोल भावाने मिळू लागली तेव्हा शिकागोच्या तरुणांना परवडली. त्यांनी तिच्या गुंड्या पिळल्या, आवाज किंचाळला, त्यांना आवडला. चरणजीतनी ती बाजारात आल्या आल्या घेतली आणि तिच्यात रागाचे स्वर भरले. एकच डबी, दोन वेगळ्या गरजा, दोन वेगळी माणसं. यात जनकही नाही आणि योगायोगही नाही.

खटकतं ते हे की दोन्ही गटांची तोंडं शिकागोकडे आहेत. एक जण चरणजीतना मोठं म्हणतो कारण ते शिकागोच्या आधी झाले. दुसरा नाकारतो कारण शिकागो त्यांच्याकडून शिकलं नाही. मोजपट्टी दोघांची तीच. मुंबईच्या माणसाने मुंबईत राग वाजवले, तर त्याची परीक्षा रागावर का नाही?

घ्या मग ती परीक्षा. ३०३ मध्ये ‘स्लाइड’ नावाची सोय आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जायचं. आपल्या कानाला ही ओळखीची गोष्ट, मींडच. पण ही मींड दर वेळी सारख्याच अवधीची असते. दूरचा स्वर असो की जवळचा, यंत्र त्याच घाईने पोचतं. गवई मींड घेतो तेव्हा वाटेत रेंगाळतो, कधी पोचतही नाही. म्हणजे खालच्या बेसमध्ये मींडेचा आकार आहे, श्वास नाही. तो श्वास चरणजीतनी वर ठेवला, हाताने वाजवलेल्या ज्युपिटर-८ मध्ये. आधी थोडी आलापी, मग ठेका, आणि ठेक्यावर हाताची बोटं. यंत्र आवर्तन सांभाळतं, माणूस राग सांभाळतो. तबला-तंबोऱ्याने गवयासाठी जे करायचं ते काम त्यांनी ८०८ आणि ३०३ ला दिलं. ही कामाची वाटणी विचारपूर्वक केलेली आहे, आणि माझ्या मते तबकडीचं खरं मोठेपण तिच्यात आहे.

आता रागांची निवड पाहा. भूपाळी, मालकंस, कलावती, बैरागी हे चारही पाच स्वरांचे राग. पाच स्वरांचा राग यंत्राच्या सोळा मात्रांच्या ठरीव साच्यात आपलं रूप सहज टिकवतो. साचा फिरत राहिला तरी मालकंस मालकंसच राहतो. दरबारी यादीत नाही. दरबारीचा गंधार झुलता असतो, तो कळेवर सापडत नाही. वाद्यवृंदात आयुष्य घालवलेल्या वादकाला आपल्या वाद्याला काय झेपेल याचं भान असतं, ते इथे दिसतं.

सगळीकडे दिसत नाही. भैरवचा रिषभ आंदोलन मागतो आणि तबकडी भैरवनेच सुरू होते. तोडीचा गंधार पेटीच्या कोमल गंधारापेक्षाही खाली असतो. ज्युपिटर-८ चे सूर पाश्चात्त्य समान सप्तकाचे, त्यामुळे तोडी तिथे जरा चढी, जरा उघडी वाटते. तोडीचं कारुण्य त्या सुरात उतरत नाही. ललतमध्ये दोन्ही मध्यम एकापाठोपाठ येतात आणि पंचम नाहीच. तिथे मात्र यंत्राचा कोरडा काटेकोरपणा उपयोगी पडतो, दोन मध्यमांमधली फट लख्ख ऐकू येते. मला या तबकडीतला ललत आवडतो, तोडी आवडत नाही, आणि यावर तासभर भांडायची माझी तयारी आहे. पण चाहत्यांमध्ये भांडायला कोणी भेटत नाही, सगळे १९८७ वर अडकलेले.

शास्त्रीयवाल्यांचा गट वेगळाच. त्यांना यंत्रावर राग ही कल्पनाच अमान्य. त्यांनी जरा आपला इतिहास आठवावा. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. आक्षेप तेच होते : परकी, मींड नाही, श्रुती नाहीत. रवींद्रनाथांचाही पेटीला विरोध होता. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या काळात आणि त्याआधीही मराठी रंगभूमी काय करत होती? गंधर्व मंडळींच्या नाटकांत ऑर्गनचे सूर घुमत होते. गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला पेटीची साथ करत होते. आक्षेप खरा होता. पेटीत मींड नाहीच. पण टेंब्यांच्या हातात ती उणीव आहे हे माहीत असूनही ऐकणारे डोलत, कारण हात राग जाणत होता. यंत्रावरचा आक्षेप यंत्रावर संपत नाही, तो हातापर्यंत न्यावा लागतो. मराठी कानाला तरी हे नव्याने सांगावं लागू नये.

हे सगळं मी तेलंगणातल्या उटनूरहून का लिहितोय, तर हा वाद इथे दर दिवाळीला आमच्या अंगणात येतो. दंडारी या सणाचे दिवस आले की गोंड गावांतून गुसाडी नर्तक निघतात, मोरपिसांचे टोप घालून, ढोल आणि सनईसारखे पेपरे यांच्या साथीने. जवळच्या मारलवाईचे कनकराजू यांना गुसाडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले. परधान मंडळी किकरीवर गज फिरवून गोंडांच्या कुळकथा गातात. आणि त्याच गावांत लग्नाच्या वरातीत डीजे असतो, त्यावर गोंडी गाण्यांचे नवे ठेके असतात. तेलुगू सिनेमाची गाणी आणि मराठी लग्नगीतंही त्याच स्पीकरमधून वाजतात. इथेही दोन तट. एक म्हणतो डीजेने ढेमसा नाच बुडवला. दुसरा म्हणतो डीजे नसता तर पोरांनी गोंडी गाणं कानाआड केलं असतं.

माझं मत विचाराल तर, भिंती हादरवणारे स्पीकरचे ढीग मला नकोत. म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरवून कुठलीही संस्कृती टिकत नाही. पण बँडमधला कीबोर्डवाला पोरगा जेव्हा सूर वाकवणारं चाक अंगठ्याने हलकेच दाबून पेपऱ्याचा तो लवचिक, नाकातला सूर काढू बघतो, तेव्हा मी थांबतो आणि ऐकतो. तो चरणजीतच्या जातीचा वादक आहे. त्याला शिकागो माहीत नाही, चरणजीतही माहीत नाहीत. त्याच्यापुढे अडचण मात्र तीच आहे : हातात बारा कळा, कानात वाकणारा सूर. त्याला आम्ही ‘डीजेवाला’ म्हणून झटकतो किंवा ‘आधुनिक’ म्हणून डोक्यावर घेतो. तुझा पेपऱ्याचा सूर अजून चढा लागतोय, थोडा उतरव, असं त्याला कोणी म्हणत नाही. त्याला गरज असते ती अशा माणसाची.

चरणजीतनाही तो माणूस वेळेवर भेटला नाही. १९८२ मध्ये तबकडी आली तेव्हा डिस्कोवाल्यांना राग नको होते आणि रागवाल्यांना डिस्को. टीका झाली असती तरी चाललं असतं. टीकेतून पुढची तबकडी सुधारते. तोडीवर कुणी आक्षेप घेतला असता, तर या माणसाने त्या गंधारासाठी यंत्राचा सूर खाली ओढून पाहिला असता, असं त्यांचं बाकीचं काम ऐकून मला वाटतं. झालं ते असं की सत्तरी ओलांडल्यावर युरोपातून बोलावणी आली, तिथल्या तरुणांपुढे मैफली झाल्या, टाळ्या भरपूर मिळाल्या. त्या टाळ्यांचा मला आनंद आहे. कुठल्याही कलावंताला जिवंतपणी मिळालेली दाद लाखमोलाची. पण टाळ्या बहुतेक ‘पहिला’ असण्याला होत्या, आणि पहिला असण्यात त्या वादकाची कारागिरी कुठे येते?

जुन्या फिल्मी चाहत्यांचाही एक गट आहे. त्यांना ही तबकडी आवडत नाही. त्यांना चरणजीतनी वाजवलेल्या सिनेगीतांच्या धुना हव्या असतात, जिथे ओळखीची चाल ओळखीच्या ठिकाणी वळते. या गटाशी माझे मतभेद आहेत, पण आदर याच गटाबद्दल जास्त. कारण हे लोक निदान वादनाबद्दल बोलतात. इथे सूर लांबवला, इथे गिटारने जागा दिली, असं सांगतात.

तसं बोलणं मला या दहा रागांबद्दल हवं आहे, आणि ते आपल्याच गायन-वादन वर्गांतून सुरू व्हायला हवं. ज्या मुलांना यमनचे आरोह-अवरोह पाठ आहेत त्यांना ही तबकडी ऐकवा. तीव्र मध्यम कुठे टाळलाय, कुठे ठेवलाय, विचारा. भूपाळीत शुद्ध गंधार-धैवताचं नातं ठेक्याखाली दबलं की टिकलं, विचारा. वर्गात एक कीबोर्ड असेल तर तोडीचा गंधार त्यावर आणून दाखवायला सांगा. नाही येणार. मग चाकाने सूर वाकवून पुन्हा प्रयत्न करू द्या. चरणजीत जिथे अडले तिथून पुढचं काम ते आहे, आणि ते शिकागोत होणार नाही.